खेळात बरोबर, वहीत पुन्हा चूक: शुद्धलेखनाचे गटखेळ कुठे फसतात

तिसरी ते पाचवीच्या वर्गांत ही तक्रार वर्षभर फिरत असते. फळ्यावर शब्दांची शर्यत झाली, मुले आनंदाने ओरडली, चारही गटांनी दहापैकी नऊ शब्द बरोबर लिहिले. चार दिवसांनी श्रुतलेखन घेतले, तर वहीत पुन्हा ‘फुल’, ‘बहिण’, ‘शुध्द’, ‘आर्शिवाद’. मग निष्कर्ष दोनपैकी एक निघतो: खेळांनी काही होत नाही, किंवा मुले लक्ष देत नाहीत. दोन्ही घाईचे आहेत. दोष बहुतेक वेळा खेळाच्या बांधणीत असतो आणि तो नेमका शोधता येतो.

आधी एक मोजणी

पुढचा खेळ नेहमीसारखाच घ्या. फक्त मागच्या बाकावरची तीन मुले निवडा आणि खेळ संपेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने किती शब्द लिहिले ते मोजा. ओरडून सांगितलेले शब्द धरू नका, दुसऱ्याचे पाहून लिहिलेलेही धरू नका.

फळ्याच्या शर्यतीचा हिशोब साधारण असा येतो. ४० मुले, १० जणांच्या ४ रांगा. पळत जाणे, लिहिणे, परत येऊन खडू देणे यात एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे १२ मिनिटांत रांगेच्या २४ फेऱ्या, एका मुलाच्या वाट्याला २ किंवा ३ शब्द. ते शब्दही मागून नऊ जण ओरडून सांगत असताना लिहिलेले. गटाला नऊ गुण मिळाले, पण ते रांगेतल्या दोन हुशार मुलांचे. बाकीच्यांचा सराव झालाच नाही, मग तो वहीत दिसणार कुठून?

तीन मुलांची मोजणी प्रत्येकी पाचच्या खाली आली, तर खालची पहिली दुरुस्ती करा आणि दोन आठवडे बाकी कशाला हात लावू नका. बऱ्याच वर्गांचे दुखणे एवढेच असते.

पहिली दुरुस्ती: प्रत्येक हात चालला पाहिजे

चौघांचा गट करा आणि गटातल्या मुलांना १ ते ४ क्रमांक द्या. प्रत्येकाकडे स्वतःची पाटी हवी. पाट्या कमी असतील तर जुन्या वहीची पाठकोरी पाने चालतात, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरा कागद घालून त्यावर पुसता येणारे मार्कर पेन. डबीत १ ते ४ आकड्यांच्या चार चिठ्ठ्या ठेवा. एका डावाला आठ शब्द पुरे.

शब्द एकदा सुटा सांगा, एकदा वाक्यात सांगा. २० सेकंद सगळे गप्प राहून आपापल्या पाटीवर लिहितात. मग अर्धा मिनिट गटात पाट्या शेजारी ठेवून पाहतात: कोणाचे वेगळे आहे, का वेगळे आहे. गटाचे एकमत झाले की चौघेही पाटी पुसतात आणि तोच शब्द न पाहता पुन्हा लिहितात. चिठ्ठी यानंतर काढायची. ३ आला तर प्रत्येक गटातल्या तीन क्रमांकाच्या मुलाची पाटी वर, आणि गटाचा गुण त्या पाटीवर. एका शब्दाला दीड मिनिट, आठ शब्दांना १२ मिनिटे. तेवढ्याच वेळात आता प्रत्येक मूल १६ वेळा लिहिते.

यातली पुसून पुन्हा लिहिण्याची पायरी गाळू नका. वेळ वाचवायला पहिल्यांदा तीच गाळली जाते, आणि ती गेली की खेळ पुन्हा शेजाऱ्याचे पाहून खाडाखोड करण्यावर येतो. चिठ्ठी शेवटी काढण्याचे कारणही हेच. कोणाची पाटी उचलली जाणार ते आधी कळले, तर गट त्या एकाचीच तयारी करून घेतो.

गटाचे एकमत चुकीच्या शब्दावर झाले तर? होते असे. तेव्हा बरोबर शब्द तुम्ही फळ्यावर लिहा, चूक कुठे आहे त्या एका जागेवर बोट ठेवा, फळा झाका आणि सगळ्या वर्गाला एकदा लिहायला लावा. चुकलेला शब्द फळ्यावर लिहून त्यावर फुली मारू नका. कच्च्या मुलाच्या डोळ्यांसमोर दोन्ही रूपे राहतात आणि आठवड्यानंतर फुली कोणत्यावर होती ते त्याला आठवत नाही. ‘चुकीचा शब्द ओळखा’ हा खेळ याच कारणाने उशिरा आणायचा असतो. गल्लीतल्या फ्लेक्सवरचे ‘हार्दीक शुभेच्छा’ शोधायला मुलांना मजा येते, पण ‘हार्दिक’ पक्का झाल्यावर.

दुसरा दोष: शब्दांची भेळ

फूल, सूर्य, पुस्तक, स्त्री, आशीर्वाद, गुण असे दहा शब्द एकत्र घेतले की खेळ रंगतो, पण मूल कोणतीही एक गोष्ट शिकत नाही. प्रत्येक शब्दाची अडचण वेगळी असते. एका डावात एकच गाठ घ्या आणि ती सुटेपर्यंत दुसरी घेऊ नका.

ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करायची असेल तर हा क्रम चालतो.

पहिल्या आठवड्यात शेवटचे अक्षर अकारान्त असलेले मराठी शब्द: फूल, तूप, मूल, खीर, वीट, ऊस, बहीण, गरीब, जमीन, वकील. शेवटून दुसरी वेलांटी किंवा उकार दीर्घ. मुलांना ‘उपान्त्य’ हा शब्द सांगायची गरज नाही, ‘शेवटून दुसरे अक्षर’ पुरते.

दुसऱ्या आठवड्यात तेच शब्द प्रत्यय लावून: फुलाला, तुपात, मुलाने, खिरीत, विटेवर, उसाचा, बहिणीला, गरिबाला, जमिनीवर, वकिलांनी. दीर्घ होते ते ऱ्हस्व झाले. इथे बऱ्याच तयार खेळसंचांत एक खड्डा असतो. एका पट्टीवर ‘फूल’, दुसरीवर ‘ला’ आणि मुलांनी जोडी लावायची. मुले जोडी लावतात आणि ‘फूलला’ लिहितात. पट्ट्यांनी दुसरे काही सुचवलेलेच नसते. त्याऐवजी गाळलेल्या जागेचे वाक्य द्या: “मुंगी ____ पडली. (तूप)” शब्द मुलाने स्वतः घडवून लिहायचा. आणि पाऊस, कापूस हे दोन शब्द या यादीत घेऊ नका. पहिल्या आठवड्यात ते बरोबर बसतात, पण प्रत्यय लागला की एकाचे ‘पावसात’ होते आणि दुसऱ्याचे ‘कापसाचा’. तिथे उकार ऱ्हस्व होत नाही, तो नाहीसाच होतो. मुलांनी ‘पाउसात’ लिहिले तर ती त्या दिवशीच्या नियमाशी प्रामाणिक असतात. असे शब्द वेगळ्या दिवशी.

तिसऱ्या आठवड्यात शेवटचे अक्षर दीर्घ असलेले: किडा, विळी, सुरी, तुरा, पिसू. इथे शेवटून दुसरे ऱ्हस्व.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द चौथ्या आठवड्याआधी नकोत. गुण, विष, सुख, मधुर, मंदिर यांत शेवटून दुसरे ऱ्हस्वच राहते. पूजा, परीक्षा, क्रीडा यांत दीर्घ राहते. शरीर, गीत यांना प्रत्यय लागला तरी ‘शरीरात’, ‘गीतात’. मूल पहिल्याच आठवड्यात ‘फूल’ आणि ‘गुण’ शेजारी पाहते तेव्हा त्याला नियम दिसत नाही, लहर दिसते. तीन आठवड्यांनी तेच शब्द ‘हे वेगळ्या घरचे पाहुणे’ म्हणून आले की लक्षात राहतात. दोन कोपरे ठरवून वर्गीकरणाचा खेळ तेव्हा छान जमतो: मराठी घर एका कोपऱ्यात, संस्कृत घर दुसऱ्यात, आणि कोपऱ्यात जाण्याआधी प्रत्येकाने शब्द पाटीवर लिहिलेला असला पाहिजे.

शब्द शक्यतो त्या इयत्तेच्या बालभारतीच्या पाठांतले घ्या. ज्याचा अर्थ मुलाला माहीत नाही तो शब्द त्याच्यासाठी नुसते चित्र असतो.

“नीट ऐका” म्हटल्याने सुटत नाही

श्रुतलेखनाच्या प्रत्येक खेळात शिक्षक नकळत मदत करतात. ‘फूऽऽल’ असे ताणून सांगतात, ‘गुण’ तोडून सांगतात. मूल शब्द ऐकत नाही, तुमचा ताण ऐकते आणि बरोबर लिहिते. वहीत एकट्याने लिहिताना तो ताण कुठेच नसतो.

मुळात कानावर एवढा भार टाकण्यात अर्थ नाही. ‘गुण’ आणि ‘ऊन’ आपण बोलताना सारखेच लांब उच्चारतो, लिहिताना एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. कानाने हा फरक कळणार नाही, शब्द कुठल्या घरचा ते माहीत असले तरच कळेल. म्हणून शब्द नेहमीच्या बोलण्यातल्या लयीत सांगा, वाक्यात सांगा, आणि पाटी दाखवताना मुलाला ‘का’ विचारा. “शेवटचे अक्षर अकारान्त आहे म्हणून” एवढे उत्तर आले की झाले.

बोलीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो शुद्धलेखनाच्या चुकीत मोजू नये. खानदेशात आणि वऱ्हाडात अनेक घरांत ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, बऱ्याच भागांत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. मूल ऐकते तसे लिहिते. त्याच्या कानात किंवा अकलेत काही कमी नसते. खेळात अशा शब्दावरून दुसरा गट हसला तर खेळ तिथेच थांबवा. हे शब्द गुणांच्या डावात घालूच नका. त्यांच्यासाठी दोन रकान्यांची यादी करा, ‘घरी म्हणतो’ आणि ‘पुस्तकात लिहितो’, आणि दोन्ही रकाने मुलांकडून भरून घ्या. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात त्यांचे ‘शक्ति’, ‘कवि’ही याच यादीत टाका. हिंदीत ते बरोबर आहे, मराठीत ‘शक्ती’, ‘कवी’.

तोंडी शब्द फोडण्याचा खेळ

इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेवरून घेतलेला हा खेळ मराठीत जसाच्या तसा चालत नाही. ‘फ, ल’ म्हटल्याने काहीच कळत नाही; “फ ला दुसरा उकार, ल” असे पूर्ण म्हणावे लागते. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, काना, मात्रा, रफार, पाय मोडका अमुक ही भाषा वर्गात आधी रुळलेली हवी. रुळली नसेल तर मुले गप्प उभी राहतात आणि शिक्षकांना वाटते शब्द येत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, लिहिताना आधी. रफाराचे उलटे: ‘सूर्य’ म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘आर्शिवाद’ तयार होतो तो इथूनच. र ‘शी’नंतर ऐकू येतो, मुलाला तो एका अक्षरावर टाकायचा असतो, आणि तो चुकीच्या डोक्यावर पडतो.

यावर माणसांचा शब्द करणे हा सगळ्यात खात्रीचा उपाय. १० सेंटीमीटर चौकोनी पुठ्ठ्यावर एकेक सुटे अक्षर, आणि दोन वेलांट्या, दोन उकार, काना, रफार वेगळ्या पट्ट्यांवर. चिन्ह लावलेले तयार ‘फू’ किंवा ‘शी’ असे पुठ्ठे करू नका. निर्णय पुठ्ठ्यानेच घेतला तर मुलाला घ्यायला काही उरत नाही. ‘आशीर्वाद’साठी आ, श, दुसरी वेलांटी, व, काना, द आणि रफार अशी सात मुले. रफारवाले मूल व च्या मागे उभे राहून पट्टी त्याच्या डोक्यावर धरते. पहिली वेलांटी असलेला शब्द असेल तर ते मूल अक्षराच्या डावीकडे, म्हणजे बघणाऱ्यांच्या डावीकडे. ही दिशा हमखास उलटी होते, म्हणून उभे राहणाऱ्यांसाठी जमिनीवर खडूने बाण काढून ठेवा. सात जण खेळताना बाकीचे रिकामे बसतात, म्हणून त्यांनी आधी पाटीवर शब्द लिहायचा आणि मग समोरच्यांना उभे करायचे.

रफाराचे सोपे शब्द आधी: वर्ग, मार्ग, धर्म, अर्थ, पर्वत. मग पूर्ण, पूर्व, तीर्थ, सूर्य, ज्यांत रफाराआधी दीर्घही आहे. ‘आशीर्वाद’ शेवटी.

‘सूर्य’ आणि ‘पायऱ्या’ यांतला गोंधळ याच खेळात बाहेर येतो. कसोटी अशी: शब्दाच्या मूळ रूपात री किंवा रा असेल तर ऱ्या. पायरी–पायऱ्या, भाकरी–भाकऱ्या, दुसरा–दुसऱ्या. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ यांना असे मूळ रूप नाही, तिथे रफार. पाचवीच्या मुलांना ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी द्या. एक गुरुजी, एक स्वयंपाकी. एकदा कळले की विसरत नाहीत.

द्ध की ध्द

शुद्ध, बुद्धी, युद्ध, पद्धत, प्रसिद्ध, उद्धार. आधी द, मग ध. मुलांना ‘हलका आधी, जड नंतर’ असे सांगितले की जमते, आणि ‘स्वच्छ’, ‘इच्छा’ यांनाही ते लागू पडते. मात्र ही युक्ती सगळीकडे ताणू नका: सख्खा, पुठ्ठा, चिठ्ठी या शब्दांत जड अक्षर दोनदा येते.

इथे आणखी एक जागा तपासा, ती म्हणजे तुमचे स्वतःचे छापील कार्ड. मोबाइलवर फिरणाऱ्या तयार शब्दपट्ट्यांत ‘शुध्द’, ‘आर्शिवाद’ बरेचदा असतात, आणि ‘शुध्दलेखनाचे खेळ’ असे शीर्षकही असते. छापून काढण्याआधी शब्दकोश उघडून एकेक शब्द पाहा. वीस मिनिटे जातात, पण भिंतीवर वर्षभर टांगलेली चूक दुरुस्त करायला त्याहून जास्त वेळ लागतो.

गुण कशाला द्यायचे

‘आधी लिहील त्याला गुण’ हा नियम असेल तर जलद मुले पुढे येतात, बाकीची खडू हातात घ्यायलाही कचरतात. ‘चुकला तो बाद’ हा नियम त्याहून वाईट. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला भिंतीशी जाऊन बसतो. ‘मामाचं पत्र हरवलं’ या चालीवर शब्दांचा खेळ घेत असाल (रुमालाऐवजी घडी केलेली शब्दचिठ्ठी, ज्याला सापडली तो वाचतो, गोलातले सगळे मांडीवरच्या पाटीवर लिहितात), तर त्यातूनही कोणाला बाद करू नका.

वाढीला गुण द्या. आठ शब्दांच्या श्रुतलेखनात मागच्या वेळी ३ बरोबर आणि या वेळी ५, तर गटाला २ गुण. ज्याचे दोन्ही वेळा आठही बरोबर, त्यालाही २, नाहीतर हुशार मुलांना करायला काही राहत नाही. कमी झाले तर शून्य, उणे कधीच नाही. या हिशोबात गटाला सगळ्यात जास्त गुण कच्चे मूलच मिळवून देऊ शकते, आणि गटातली मुले त्याला शिकवायला आपणहून बसतात.

शनिवारचा एकच मोठा तास

आठवड्यातून एकदा ३५ मिनिटे खेळण्यापेक्षा चार दिवस आठ-नऊ मिनिटे खेळलेले जास्त टिकते. मधे थोडे विसरून मग आठवायला लागते, आणि ते आठवणेच कामाचे असते. रोज चार-पाच शब्द घ्या. सोमवारचे शब्द बुधवारी, पुढच्या सोमवारी आणि महिन्याने पुन्हा आले पाहिजेत. कॅलेंडरवर त्या त्या तारखेला यादीचा क्रमांक लिहून ठेवला की विसरत नाही. परदेशातल्या आठवड्याला एकदाच भरणाऱ्या मराठी शाळांना हे जमणार नाही. तिथे तासाच्या सुरुवातीला मागचे चार शब्द, शेवटी आजचे चार, आणि घरी दोन वेळा पालकांनी सांगून लिहून घेणे.

वाद झाला तर

कोणीतरी आजोबांचे जुने पुस्तक आणते आणि त्यात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले (तेव्हा १४, १९७२ मध्ये आणखी ४ मिळून १८) आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार तेव्हापासून गेले. जुने पुस्तक चूक नाही, जुने आहे, एवढे सांगा. ‘केले’ आणि ‘केलं’वरही भांडण होते. दुसरे बोलण्याचे रूप आहे आणि बोलणे लिहिताना चालते. खेळात कोणते धरायचे ते डाव सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा.

एवढे करूनही दोन-तीन मुले तिथेच राहिली तर

त्यांना यादीतले शब्द वाचायला द्या, लिहायला नाही. जो शब्द अडखळल्याशिवाय वाचता येत नाही तो लिहिण्याचा सराव फुकट जातो. वाचनच अडत असेल तर त्या मुलाला गटातच ठेवा, पण त्याची यादी वेगळी करा: काना-मात्रेचे साधे चार शब्द. चिठ्ठीत त्याचा क्रमांक आला की त्याने त्याच्या यादीतला शब्द दाखवायचा आणि गटाला पूर्ण गुण. अक्षरे सतत उलटी येत असतील, फळ्यावरचे उतरवतानाही चुकत असेल, तर पालकांशी बोलून डोळे आणि कान आधी तपासून घ्या. ते ठीक असतील आणि त्रास तसाच राहिला तर अध्ययन अक्षमतेची तपासणी. तोवर त्याचे श्रुतलेखनाचे गुण वर्गासमोर वाचून दाखवू नका.